तेल उचलतं, लॉक धरतो: घरच्या पोर्चमधली पोर्टेबल कार लिफ्ट

नवी मुंबईत घणसोलीच्या रो-हाउसच्या पोर्चमध्ये मी वापरतो ती लिफ्ट दोन सुट्या लोखंडी फ्रेमची आहे. एकेक फ्रेम गाडीच्या एकेका बाजूखाली, दारांना समांतर सरकवायची, दोन्हींना होजने एकाच पॉवर युनिटशी जोडायचं आणि बटण दाबायचं. मोटर पंप फिरवते, तेल सिलिंडरमध्ये शिरतं, फ्रेमचे हात उभे होतात आणि गाडी साधारण पन्नास सेंटिमीटर वर येते. मिटलेल्या फ्रेमची उंची दहा सेंटिमीटरच्या आत असल्याने 163 मिमी ग्राउंड क्लिअरन्सच्या स्विफ्टखालीही ती सहज जाते. एका फ्रेमचं वजन चाळीस किलोच्या आसपास. एका माणसाला ती ओढता येते, पण भिंतीवरून उतरवायला दुसरा हात लागतोच.

आपल्याकडे या लिफ्टचा खरा उपयोग मे महिन्यात आणि पुन्हा ऑक्टोबरात. घोडबंदर रोडच्या किंवा ठाणे-बेलापूर रोडच्या खड्ड्यांतून चार महिने गाडी गेली की सस्पेन्शनमधली स्टॅबिलायझर लिंक खडखडायला लागते, चाक फिरवणाऱ्या सीव्ही जॉइंटचा रबरी बूट फाटतो, मडगार्डच्या आतल्या कडेला चिखल साठतो. त्यात खाडीची खारी हवा असल्याने त्या चिखलाखाली पत्रा गुपचूप गंजत असतो. हे सगळं पाहायचं तर चारही चाकं एकदम हवेत हवीत. ट्रॉली जॅक आणि स्टँडवर ते जमतं, पण गाडी एकेका टोकाने तिरपी करत चार स्टँड लावायचे म्हणजे अर्धी सकाळ जाते. लिफ्टवर गाडी पहिल्यापासून शेवटपर्यंत सपाट राहते.

उचलायच्या आधी जमीन पाहतो, कारण लिफ्टच्या बहुतेक भानगडी खालून सुरू होतात. सोसायट्यांच्या आवारात पेव्हर ब्लॉक असतात. ब्लॉक साठ किंवा ऐंशी मिलिमीटर जाडीचे आणि खाली रेतीचा थर. पावसाळ्यात रेती वाहून जाते, वरचा ब्लॉक मात्र दिसायला जागच्या जागी असतो. हातोडीच्या दांड्याने ठोकून पाहा, पोकळ आवाज आला तर ती जागा सोडा. पेव्हरवर मी प्रत्येक फ्रेमखाली 18 मिमीचा मरीन प्लाय अखंड घालतो, म्हणजे भार एकेका ब्लॉकच्या कोपऱ्यावर न पडता पसरतो. पोर्चमध्ये व्हिट्रिफाइड टाइल असेल तर हीच काळजी दुप्पट घ्यायची. टाइलखाली मसाला नीट भरलेला नसला तर ती पहिल्याच वेळी तडकते आणि त्या क्षणी फ्रेम एका बाजूला बसते. शेवाळलेल्या किंवा ओल्या फरशीवर लिफ्ट लावूच नये.

मग पाणसळ. पोर्चला पाणी निघावं म्हणून उतार ठेवलेला असतो. मीटरला एक सेंटिमीटर उतार असला तर चालतो. मीटरला दोन सेंटिमीटरच्या पुढे गेला तर ती जागा या लिफ्टसाठी नाही. एका बाजूखाली फळ्या घालून लेव्हल जुळवण्याचा मोह होतो, तो टाळा, कारण सुटी फळी भाराखाली सरकते. स्टिल्ट पार्किंगमध्ये वरचा बीम आणि स्प्रिंकलरचा पाइपही मोजून घ्या. गाडीची उंची अधिक अर्धा मीटर, वर बॉनेट किंवा डिकी उघडायची जागा.

पुढेमागेही मोकळी जागा हवी, आणि हे बऱ्याच जणांच्या लक्षात येत नाही. फ्रेमचे हात कमानीत फिरतात, त्यामुळे गाडी सरळ वर न जाता वर जाता जाता एका दिशेला सरकते. सुरुवातीला हात जवळजवळ आडवे असल्याने सरकणं नगण्य असतं, पण शेवटच्या टप्प्यात ते स्पष्ट दिसतं. मागे भिंत एक फुटावर असेल तर बंपर भिंतीला लागेल. रिकामी फ्रेम एकदा वर करून ती कुठल्या दिशेला आणि किती सरकते ते टेपने मोजा आणि जमिनीवर खडूने खूण करून ठेवा.

वीज हा दुसरा विषय. माझं युनिट सिंगल फेज 230 व्होल्टचं आहे. चालताना ते आठ-दहा अँपिअर घेतं, पण सुरू होतानाचा झटका त्याच्या चार-पाच पट असतो. इथेच स्वस्तातली एक्स्टेन्शन बोर्डं घात करतात. 0.75 चौरस मिमीच्या पंधरा मीटर वायरचा जाऊन-येऊन रोध पाऊण ओहमच्या वर असतो. चाळीस अँपिअरचा झटका आला की तीस व्होल्ट वायरमध्येच खर्ची पडतात. मोटर गुणगुणते, फिरत नाही, आणि दोन-तीनदा बटण दाबलं की कपॅसिटर किंवा वाइंडिंग गरम होतं. 2.5 चौरस मिमीची तीन कोअर कॉपर वायर आणि 16 अँपिअरचा प्लग घेतला तर हीच घट दहा व्होल्टच्या आत राहते. वायर रिळावर गुंडाळलेली ठेवू नका, पूर्ण उलगडा. अर्थिंग तपासलेलं हवं आणि लाइनवर 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी (वीज गळताच लाइन तोडणारा ब्रेकर) हवाच, कारण आपण ओल्या हातांनी, लोखंडाशेजारी काम करतो. सोसायटीच्या कॉमन मीटरवरून वीज घ्यायला कमिटी सहसा नाही म्हणते. तिथे 12 व्होल्टचं युनिट सोयीचं, पण ते शंभराच्या वर अँपिअर ओढतं. त्यासाठी वेगळी, चांगली चार्ज केलेली बॅटरी ठेवा. जी गाडी उचलायची तिचीच बॅटरी वापरली तर गाडी वर असताना बॅटरी उतरण्याची शक्यता राहते.

आता जोडणी. होजच्या टोकाला क्विक कपलर असतात. कपलर बसला की बाहेरची कडी पुढे येऊन टक् आवाज होतो. अर्धवट बसला तर आतला पॉपेट, म्हणजे छोटी झडप, उघडत नाही, तेल त्या फ्रेमला मिळत नाही आणि एकच बाजू उचलली जाते. जोडणी झाल्यावर प्रत्येक कपलर ओढून पाहण्याची सवय लावा. उन्हाळ्यात वेगळीच अडचण येते. होज उन्हात पडून राहिला तर आत अडकलेलं तेल प्रसरण पावतं, दाब वाढतो आणि कपलर काही केल्या बसत नाही. लोक पॉपेटवर हातोडी मारतात, आणि त्याने सीटला (झडप टेकते त्या बैठकीला) खाच पडून कायमची गळती लागते. होज तासभर सावलीत ठेवा, बहुतेक वेळा तेवढ्याने जमतं. नाहीच जमलं तर दुसऱ्या टोकाचं फिटिंग फडक्यात गुंडाळून पाव आटा सैल करा, थेंबभर तेल येऊ द्या आणि परत घट्ट करा.

गाडी मध्यभागी उभी करून हँडब्रेक ओढतो, गिअर पहिल्यात टाकतो. चाकं काढायची असतील तर नट जमिनीवरच अर्धा फेरा ढिले करतो. उचलायचे बिंदू गाडीच्या मॅन्युअलमध्ये दाखवलेले असतात. हॅचबॅक आणि सेडानमध्ये दाराखालच्या दुहेरी पत्र्याच्या कडेला दोन-दोन खाचा असतात, पुढच्या चाकामागे आणि मागच्या चाकापुढे. त्या दोन खाचांमधली कड दुमडलेल्या पत्र्याने मजबूत केलेली असते, बाकी कड भाराखाली वाकते. कडेसाठी मधोमध चीर असलेला रबर ब्लॉक वापरा. सपाट ब्लॉकवर कड दबते, रंग फुटतो आणि तिथून गंज सुरू होतो. प्लास्टिकच्या साइड क्लॅडिंगवर ब्लॉक टेकता कामा नये. स्विफ्टचा व्हीलबेस 2450 मिमी, क्रेटाचा 2610, इनोव्हा क्रिस्टाचा 2750. खाचांमधलं अंतरही त्याप्रमाणे बदलतं, म्हणून लिफ्ट घेण्याआधी स्वतःच्या गाडीखाली वाकून ते टेपने मोजा आणि फ्रेमच्या ट्रेमध्ये दोन्ही ब्लॉक पूर्ण बसतात का ते पाहा. ब्लॉकचा अर्धा भाग ट्रेच्या बाहेर लटकत असेल तर ती फ्रेम तुमच्या गाडीची नाही. बोलेरो, स्कॉर्पिओ किंवा इनोव्हा क्रिस्टासारख्या, वेगळ्या चासीवर बॉडी बसवलेल्या गाड्या चासीच्या रेलवर उचलायच्या, त्यासाठी उंच ब्लॉक लागतात. नेक्सॉन ईव्हीसारख्या इलेक्ट्रिक गाडीत मधला सगळा पोटाचा भाग बॅटरीचा असतो, त्याला काहीही टेकवायचं नाही. सीएनजीची टाकी डिकीत असेल तर मागचं वजन वाढतं, ब्लॉकची जागा ठरवताना ते ध्यानात ठेवा.

पहिल्यांदा फक्त टायरचा भार हलका होईपर्यंत उचलतो आणि थांबतो. चारही ब्लॉकवर कड नीट बसली आहे का, ब्लॉक तिरपा झालाय का, हे खाली वाकून टॉर्चने पाहतो. मग चाकं जमिनीपासून दोन बोटं वर घेतो आणि बंपर पकडून गाडी हलकेच हलवून बघतो. काही सरकायचं असेल तर ते इथेच सरकलं पाहिजे.

सुरुवातीला मोटर जड आवाज करते, घाबरायचं कारण नाही. हात आडवे असताना सिलिंडरचा बराचसा जोर आडवा जातो, त्यामुळे तेवढंच वजन उचलायला तेलाचा दाब जास्त लागतो. हात उभे होत जातात तसा आवाज मोकळा होतो. उलट, वर गेल्यावर आवाज जड झाला तर फ्रेमच्या सांध्यात काहीतरी अडकलेलं असतं. तिथे थांबा. दोन्ही फ्रेम अगदी बरोबरीने कधीच चढत नाहीत, कारण तेल आधी हलक्या बाजूला जातं. दोन-तीन सेंटिमीटरचा फरक पुढे भरून निघतो. पाच सेंटिमीटरच्या वर गेला तर पूर्ण खाली उतरवा आणि कपलर, होजची मोड, सिलिंडरमधली हवा याच क्रमाने तपासा.

आता सगळ्यात महत्त्वाचं. तेलाच्या भरवशावर गाडीखाली डोकं घालायचं नाही. तेल गाडी उचलतं, पण ती धरून ठेवायचं काम लॉकच्या लोखंडी पट्टीचं. सिलिंडरचं रबरी सील कितीही नवं असलं तरी थोडंफार झिरपतं. व्हॉल्व्हच्या सीटवर केसाएवढा कचरा आला तरी गाडी खाली यायला लागते. लॉकच्या उंचीवर गेल्यावर पट्टी खाचेत पडते. त्यानंतर बटण सोडून थांबायचं नाही, उतरवायचं बटण अगदी थोडं दाबून वजन लॉकवर बसवायचं. दोन्ही बाजूंचे लॉक डोळ्यांनी पाहायचे, आवाजावर विसंबायचं नाही. वजन बसल्यावर पट्टी हाताने हलत नाही, ही खरी खूण. शिवाय गाडीच्या सिलखाली, म्हणजे दाराखालच्या कडेखाली, दोन स्टँड लावतो आणि काढलेली चाकं आडवी करून आत सरकवतो. अर्ध्या तासाचं काम असलं तरी हे करतोच.

वर असताना मोठ्या पाइपने बोल्टला झटके द्यायचे नाहीत, विशेषतः गाडीच्या रुंदीच्या दिशेने. फ्रेम लांबीच्या दिशेला भक्कम असते, आडव्या धक्क्याला ती तेवढी तयार नसते. सस्पेन्शनचा अडलेला बोल्ट आदल्या रात्री पेनिट्रेटिंग ऑइल मारून ठेवला की जोर निम्मा लागतो. इंजिन आणि गिअरबॉक्स एकदम उतरवायचा असेल तर गाडीचा तोल मागे जातो, ते काम या लिफ्टवर करू नका.

उतरवताना घाई नडते. आधी थोडं वर घ्यायचं, म्हणजे लॉकवरचं वजन सुटतं. मग दोन्ही पट्ट्या पलटवायच्या आणि दोन्ही बाजूंना जाऊन त्या पलटल्याची खात्री करायची. एका बाजूचा लॉक अडकून राहिला आणि दुसरी बाजू खाली गेली, की गाडी तिरपी होऊन ब्लॉकवरून घसरते. उतरण्याची गती व्हॉल्व्हवर ठरते, वजनदार गाडी जरा जोरात येते. खाली पाना, ट्रे, मुलांचा चेंडू काही राहिलंय का ते पाहूनच बटण दाबा. चाकं टेकल्यावर नट मॅन्युअलमधल्या आकड्याला टॉर्क रेंचने आवळा.

देखभालीत आधी तेल. पॉवर युनिटच्या टाकीतली पातळी नेहमी दोन्ही फ्रेम पूर्ण खाली असताना पाहायची. फ्रेम वर असताना टाकी भरली तर खाली येताना सिलिंडरमधलं तेल परत येतं आणि झाकणातून ओसंडतं. लिफ्टच्या मॅन्युअलमध्ये लिहिलेलंच तेल घाला. माझ्या युनिटला आयएसओ व्हीजी 32 दाटपणाचं तेल चालतं, म्हणजे सर्वो सिस्टिम 32 किंवा तत्सम अँटी-वेअर हायड्रॉलिक ऑइल. काही लिफ्टना एटीएफ, म्हणजे ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं तेल, लागतं. ब्रेक ऑइल कधीही नाही. ते ग्लायकॉलवर बनलेलं असतं आणि नायट्राइल रबराची सील त्यात फुगून मऊ पडतात. इंजिन ऑइलमधली डिटर्जंट पाण्याला तेलातच धरून ठेवतात, म्हणून तेही नको. आपल्या दमट हवेत टाकी श्वास घेते तेव्हा आत बाष्प जातं. तेल दुधाळ दिसलं की पाणी शिरलंय असं समजा आणि सगळं बदला, नुसतं वरून भरू नका.

तेल बदललं किंवा होज काढला की हवा शिरते. तेल दाबलं जात नाही, हवा दाबली जाते, म्हणून फ्रेम थरथरत, हिसके देत चढते. गाडी न ठेवता रिकाम्या फ्रेम पाच-सहा वेळा पूर्ण वर आणि पूर्ण खाली करा. बरीचशी हवा टाकीत निघून जाते. उरलेलीसाठी फ्रेम अशी तिरपी करा की सिलिंडरचा हवा सोडायचा ब्लीड स्क्रू सर्वांत उंच राहील, आणि दाब अगदी कमी असताना तो अर्धा आटा सैल करा. फेस संपून सलग तेल आलं की बंद. रिकामी फ्रेम खाली यायला वेळ घेते, कारण फक्त वर ढकलणाऱ्या एकेरी सिलिंडरमध्ये तिला खाली ढकलायला फक्त स्वतःचं वजन असतं. तो दोष नाही.

गाडी हळूहळू खाली बसते का, याची परीक्षा वर्षातून दोनदा घेतो. खाली कोणी नसताना, स्टँड दोन बोटं खाली ठेवून, गाडी लॉकच्या जरा वर धरायची. सिलपासून जमिनीपर्यंतचं अंतर मोजायचं आणि पंधरा मिनिटांनी परत मोजायचं. फरक पडला आणि सिलिंडरच्या ब्रीदरजवळ (हवा ये-जा करायच्या भोकाजवळ) किंवा रॉडवर तेल दिसलं, तर पिस्टनचं सील गेलंय. बाहेर थेंबही नसताना गाडी बसत असेल, तर तेल पॉवर युनिटच्या व्हॉल्व्हमधून टाकीत परत जातंय. यामागे बहुधा टेफ्लॉन टेपचा तुकडा असतो. टेप गुंडाळताना पुढचे दोन आटे मोकळे सोडले नाहीत की कडा तुटून आत वाहून जातात आणि व्हॉल्व्हच्या सीटवर बसतात. व्हॉल्व्ह काढून रॉकेलने धुवून, फडक्याचा धागा न लागू देता परत बसवला की पुष्कळदा काम होतं.

गळती बोटाने चाचपायची नाही. दाबाखालच्या होजला सुईच्या टोकाएवढं भोक असलं तरी तेलाची चिळकांडी कातडीतून आत शिरते. जखम टाचणी टोचल्यासारखी दिसते, दुखतही नाही, पण आत गेलेलं तेल ऊतक मारतं आणि बोट गमवावं लागू शकतं. पुठ्ठा फिरवून पाहा, त्यावर डाग उठेल. चुकून असं झालंच तर दुखायची वाट न बघता तडक हॉस्पिटल गाठा आणि डॉक्टरांना हायड्रॉलिक इंजेक्शनची जखम आहे असं स्पष्ट सांगा.

होज बदलायचा झाला तर रबाळे, महापे, तुर्भे किंवा ठाण्याच्या वागळे इस्टेटमध्ये होज प्रेस करून देणारी दुकानं आहेत. पाव इंची, दोन वायरचा (आत पोलादी तारेचे दोन थर असलेला), 100आर2 जातीचा होज मागा आणि जुना होज सोबत न्या. घोटाळा आट्यांचा होतो. आयात लिफ्टवर बऱ्याचदा अमेरिकन मापाचे एनपीटी किंवा जेआयसी आटे असतात, आपल्या दुकानांत सर्रास ब्रिटिश मापाचे बीएसपी. पाव इंची बीएसपीला इंचात 19 आटे, एनपीटीला 18. पहिले दोन फेरे दोन्ही एकमेकांत जातात, मग अडतात. जोर लावून बसवलं तर आटे मरतात आणि दाबाखाली फिटिंग सुटतं. थ्रेड गेज लावून घ्या, दुकानात ते असतंच.

खाऱ्या हवेत सगळ्यात आधी मार खातो तो सिलिंडरचा क्रोम केलेला रॉड. म्हणून लिफ्ट ठेवताना फ्रेम पूर्ण मिटवून ठेवायची, म्हणजे रॉड आत तेलाच्या आसऱ्याला राहतो. बारीक तांबूस ठिपके तेलात भिजवलेल्या स्कॉचब्राइटने निघतात. नख फिरवल्यावर खड्डा लागला तर तो प्रत्येक फेऱ्याला सील कापणार, रॉडला हार्ड क्रोम करून घेण्यावाचून इलाज नाही. सांध्यांच्या पिनांना पावसाआधी आणि पावसानंतर लिथियम ग्रीस मारा. आधी जुनं ग्रीस पुसा, नाहीतर त्यातली रेती पिन आणि बुश घासत राहते. पिनांचे सर्क्लिप (पिन निसटू न देणाऱ्या कड्या) जागेवर आहेत का तेही याच वेळी बघून घ्या. वेल्डच्या कडेला रंग फुगलेला दिसला तर खरवडून रेड ऑक्साइड आणि वर एनॅमल. वेल्डमध्येच रेघ दिसली तर ती फ्रेम वापरातून बाहेर, घरच्या घरी वेल्ड मारून पुन्हा गाडी ठेवायची नाही.

रबर ब्लॉक दर वेळी वाकवून पाहा, कडेला तडा दिसला की बदला. आणि उंदीर. पार्किंगमधले उंदीर होजचं वरचं रबर कुरतडतात. ते गेलं की आतली वायर गंजते आणि एक दिवस दाबाखाली फुटते. होज गुंडाळून, दोन्ही टोकांना टोप्या लावून पत्र्याच्या डब्यात ठेवा, फ्रेम जमिनीपासून वीतभर उंच, भिंतीवरच्या हुकांवर.

काढलेलं जुनं तेल गटारात ओतू नका. नवी मुंबईच्या पावसाळी गटारांतून ते नाल्यात आणि तिथून सरळ ठाणे खाडीत जातं, जिथे फ्लेमिंगो उतरतात. झाकणाच्या कॅनमध्ये भरून, वापरलेलं तेल अधिकृत रिसायकलरला देणाऱ्या गॅरेजमध्ये नेऊन द्या. कॅनवर मार्करने ‘हायड्रॉलिक’ लिहा आणि त्यात कूलंट किंवा ब्रेक ऑइल मिसळू नका, मिसळलेलं तेल ते घेत नाहीत.